मोटारीतील सबवूफरची जोडणी : तार, फ्यूज आणि ओहमचे गणित

मानवी कानाला ऐकू येणाऱ्या ध्वनीतील सर्वांत खालचा पट्टा, म्हणजे साधारण २० ते १०० हर्ट्झ, वाजविण्यासाठी बनविलेल्या मोठ्या ध्वनिक्षेपकाला सबवूफर म्हणतात. ढोलाचा घुमारा आणि चित्रपटातील स्फोटाची थरथर याच पट्ट्यात येते. इतक्या खालच्या स्वरांसाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, तिच्यासाठी पुष्कळ शक्ती लागते, आणि मोटारीच्या मूळ रेडिओत ती नसते. म्हणून डिकीत स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर बसवून त्याला थेट बॅटरीपासून वीज दिली जाते. बॅटरी बॉनेटखाली आणि अ‍ॅम्प्लिफायर मागे, अशा नेहमीच्या मांडणीत गाडीच्या पोटातून पंधरा-सोळा फूट लांबीची जाड तार जाते. या विषयातील बहुतेक सारा धोका त्या तारेत आहे.

अमेरिकेत हे काम हौशी मंडळी घरच्या गराजमध्येच करतात. बहुतेक राज्यांत सोळाव्या वर्षी वाहनपरवाना मिळतो, जुनी सेडान मुलाच्या हाती येते, आणि थोड्याच दिवसांत दारात सबवूफरचे खोके येऊन पडते. सोबतच्या तारांच्या संचावर ‘१२ व्होल्ट’ असे लिहिलेले पाहून आईवडील निर्धास्त होतात. घरातील १२० व्होल्टच्या तुलनेत १२ व्होल्ट म्हणजे खेळण्यातली वीज, असा समज त्यामागे असतो. शॉकपुरता तो खराही आहे. कोरड्या हाताला १२ व्होल्टचा झटका जाणवत नाही. पण तारेला तापविते ती विद्युतधारा, दाब नव्हे. अमेरिकी घरातील सामान्य सर्किटचा ब्रेकर १५ किंवा २० अँपिअरला पडतो. एक हजार वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीने चालताना त्याच्या चौपट-सहापट धारा ओढतो.

त्याचा हिशेब सोपा आहे. ‘क्लास डी’ प्रकारच्या अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता सुमारे ८० टक्के धरली, तर १००० वॅट बाहेर देण्यासाठी त्याला १२५० वॅट आत घ्यावे लागतात. इंजिन चालू असताना गाडीतील विद्युतदाब साधारण १३.८ व्होल्ट असतो. म्हणजे धारा झाली ९० अँपिअर. जुन्या ‘क्लास एबी’ रचनेत निम्मी शक्ती उष्णतेतच जाते, तिथे हाच आकडा १४५ च्या आसपास पोहोचतो. संगीत हे अखंड सुरासारखे नसते, त्यामुळे सरासरी धारा याहून बरीच कमी राहते. तारेची आणि फ्यूजची निवड मात्र सरासरीवर करून चालत नाही.

या हिशेबात वॅट म्हणजे आरएमएस वॅट, अखंड देता येणारी शक्ती. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’चा आकडा विकण्यासाठी असतो. अमेरिकेतील उद्योगाने मान्य केलेल्या सीईए-२००६ या मानकात शक्ती कोणत्या दाबावर, किती रोधावर आणि किती विकृतीपर्यंत मोजायची हे ठरलेले आहे: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, १ टक्का. या मानकाचा उल्लेख असलेला ५०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर उल्लेख नसलेल्या ‘२००० वॅट’पेक्षा अधिक विश्वासार्ह समजावा.

फ्यूज कोणाला वाचवतो?

अ‍ॅम्प्लिफायर वाचविण्यासाठी फ्यूज असतो, असे पुष्कळांना वाटते. अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचे फ्यूज असतातच, त्याच्या अंगावर किंवा आत. बॅटरीजवळ बसवायचा मुख्य फ्यूज वाचवतो तो तारेला, आणि तारेमार्फत गाडीला व आत बसलेल्यांना. एवढा भेद मनात पक्का झाला की तो कुठे बसवायचा आणि किती अँपिअरचा घ्यायचा, ही दोन्ही उत्तरे आपोआप मिळतात.

समजा, पत्र्यातून जाताना तारेचे आवरण घासले गेले आणि आतील तांबे गाडीच्या सांगाड्याला टेकले. गाडीचा संपूर्ण सांगाडा बॅटरीच्या ऋण अग्राशी जोडलेला असल्याने हे सरळसरळ शॉर्ट सर्किट झाले. मोटारीची शिशाची बॅटरी अशा वेळी काही शे, प्रसंगी हजार अँपिअरच्या घरात धारा सोडते. चार गेजच्या तांब्याच्या तीन मीटर तारेचा रोध केवळ अडीच सहस्रांश ओहम असतो. तरी हजार अँपिअरला त्या तारेत अडीच हजार वॅट उष्णता निर्माण होते. खोली तापविण्याच्या हीटरची शक्ती सहसा दीड हजार वॅट असते. त्याच्या पावणेदोनपट उष्णता गालिच्याखाली, सीटच्या फोमला लागून असलेल्या बोटभर जाडीच्या तारेत. काही सेकंदांत आवरण वितळते आणि धूर दिसेपर्यंत गालिचा पेटलेला असतो. गाडी बंद करून उपयोग होत नाही, कारण ही तार किल्लीच्या स्विचमधून जातच नाही.

म्हणूनच फ्यूज बॅटरीच्या धन अग्रापासून १८ इंचांच्या आत असावा, असा या क्षेत्रातील सर्वमान्य संकेत आहे. बॅटरी आणि फ्यूज यांमधील तुकड्याला कोणतेही संरक्षण नसते. तो जितका आखूड, तितका बरा. फ्यूज डिकीत, अ‍ॅम्प्लिफायरशेजारी बसविणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. दिसायला ते नीटनेटके असते, पण मधली पंधरा फूट तार उघड्यावर राहते. समोरून धडक बसली तर पत्रा चेपून तार चिमटते ती नेमकी पुढच्या भागात. ज्या गाड्यांची बॅटरी मुळातच डिकीत असते, त्यांनाही नियम हाच. अंतर बॅटरीपासून मोजायचे.

फ्यूजची क्षमता तारेच्या क्षमतेपेक्षा जास्त असता कामा नये. शुद्ध तांब्याच्या ८ गेजच्या तारेला साधारण ५० ते ६० अँपिअर, ४ गेजला १०० ते १५० आणि १/० गेजला २५० ते ३०० अँपिअरचा फ्यूज वापरतात. गेजचा आकडा लहान, तार जाड. अ‍ॅम्प्लिफायरच्या पुस्तिकेत याहून लहान फ्यूज सांगितला असेल तर तोच घ्यावा. तार पुढे वितरण-ठोकळ्यात जाऊन दोन बारीक तारांत विभागली जात असेल, तर प्रत्येक बारीक तारेला तिच्या मापाचा वेगळा फ्यूज लागतो, कारण मोठा फ्यूज बारीक तारेला वाचवू शकत नाही. आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालणे, किंवा त्याजागी नट-बोल्ट अडकविणे, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. उडालेला फ्यूज काहीतरी सांगत असतो.

तांबे आणि तांब्याचा मुलामा

स्वस्त संचांतील तारेवर बारीक अक्षरांत ‘सीसीए’ छापलेले असते. ती अ‍ॅल्युमिनियमची तार असून तिच्यावर तांब्याचा पातळ थर असतो. त्याच जाडीच्या शुद्ध तांब्यापेक्षा तिचा रोध जवळजवळ दीडपट भरतो. ९० अँपिअर धारा आणि पाच मीटर लांबी धरली, तर ४ गेजच्या शुद्ध तांब्यात सुमारे ०.३७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ८ गेजच्या तांब्यात ०.९ व्होल्टहून थोडे अधिक, आणि ८ गेजच्या सीसीए तारेत जवळजवळ दीड व्होल्ट. या शेवटच्या तारेत १३० वॅटच्या आसपास उष्णता सतत निर्माण होत राहते. सीसीए वापरूच नये असे नाही, पण वापरायची तर किमान एक माप जाड घ्यावी आणि फ्यूज तिच्या खऱ्या क्षमतेप्रमाणे लहान ठेवावा. ओळखण्याची खूण सोपी आहे: टोकाचा एक धागा पात्याने खरवडावा, आत चंदेरी रंग दिसला तर अ‍ॅल्युमिनियम. काही संचांत तर आवरणच जाड आणि आतील धातू बारीक असतो. ‘४ गेज’ हे नाव मग आवरणाचे होते, तारेचे नव्हे.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात बॅटरीचे ऋण अग्र सोडविण्यापासून करावी, आणि शेवटी जोडायचेही तेच. धन अग्र आधी सोडविताना पान्हा चुकून पत्र्याला टेकला तर शॉर्ट होते. ऋण सुटलेले असेल तर ती भीती उरत नाही. हातातील अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ आधी काढून ठेवावे. अंगठी आणि पान्हा यांतून बॅटरीची धारा गेली तर बोटाला खोल भाजते.

इंजिनाचा कक्ष आणि प्रवासीकक्ष यांमधील पत्र्यातून तार नेताना रबरी ग्रोमेट असलेले छिद्रच वापरावे. पत्र्याची उघडी कड वर्ष-दोन वर्षांत आवरण कापते. नवे छिद्र पाडावे लागले तर दुसऱ्या बाजूला काय आहे ते आधी पाहावे. डिकीच्या तळाखाली इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या असू शकतात, हे ड्रिल चालविणाऱ्याच्या लक्षात नेहमी येतेच असे नाही. आतील पिवळ्या वेष्टणाच्या तारा आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये. हायब्रिड व विजेच्या गाड्यांतील नारिंगी तारांत शेकडो व्होल्ट असतात, त्यांच्या वाटेतूनही जाऊ नये. या गाड्यांत १२ व्होल्टची बॅटरी अल्टरनेटरऐवजी एका परिवर्तकावर भारित होते आणि त्याची मर्यादा प्रत्येक गाडीत वेगळी असते. त्यामुळे मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावण्याआधी जाणकाराकडून खात्री करून घेणे बरे.

ऋण बाजूची तार धन तारेइतकीच जाड हवी, कारण जितकी धारा जाते तितकीच परत येते. ती शक्य तितकी आखूड, दीड-दोन फुटांच्या आत, सांगाड्याच्या जाड भागाला जोडावी. त्या जागचा रंग पॉलिशपेपरने घासून चकचकीत धातू उघडा करावा आणि लग बोल्टने घट्ट आवळावा. सीटबेल्टचा बोल्ट हाताशी असतो, मजबूतही असतो. तरी तो या कामासाठी वापरू नये. तो ठरावीक बळाने आवळलेला असतो आणि त्याचे काम अपघाताच्या क्षणी माणसाला धरून ठेवणे हे आहे. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण अग्रावर धारा मोजणारे संवेदक असते. ऋण तार थेट त्या अग्राला जोडली तर धारा संवेदकाला चुकवून जाते आणि भारणाचा हिशेब बिघडतो. सांगाड्याला जोडलेली तार ही अडचण टाळते.

दोन बारीक तारा आणखी उरतात. रेडिओच्या मागील निळ्या-पांढऱ्या तारेने अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद होतो. ती सोडून किल्लीविना सतत वीज मिळेल अशी जोडणी केली, तर सकाळी बॅटरी बसलेली सापडते. संगीताचा संकेत नेणारी आरसीए तार गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी. विजेच्या तारेला चिकटून नेली तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिटी ऐकू येऊ शकते.

ओहमचे गणित

महाराष्ट्रात शिकलेल्यांना एकसर आणि समांतर जोडणी शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकातून परिचित आहे. त्या वेळी केवळ गुणांसाठी पाठ केलेले सूत्र इथे प्रत्यक्ष कामी येते. एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते: ४ आणि ४ मिळून ८ ओहम. समांतर जोडणीत समान रोधांची संख्येने भागणी होते: ४ ओहमचे दोन मिळून २ ओहम.

अ‍ॅम्प्लिफायरच्या दृष्टीने रोध जितका कमी, तितके त्याच्यावरचे ओझे जास्त. तो २० व्होल्ट देत असेल तर ४ ओहमला ५ अँपिअर, म्हणजे १०० वॅट. २ ओहमला २०० वॅट. १ ओहमला ४००. फुकट मिळालेली शक्ती वाटावी असा हा प्रकार, आणि मोह इथेच पडतो. पण ही वाढलेली धारा अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरांतून जाते, ते तापतात, आणि बॅटरीकडून होणारी मागणीही त्याच प्रमाणात चढते. म्हणून प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरवर किमान रोध लिहिलेला असतो. २ ओहमची मर्यादा असलेल्या यंत्राला १ ओहम दिला, तर चांगले यंत्र लाल दिवा लावून बंद पडते. सुमार यंत्र जळते.

गोंधळ होतो तो दोन व्हॉइस कॉइल असलेल्या सबवूफरमुळे. अशा एकाच सबवूफरला धन-ऋणाच्या दोन जोड्या असतात. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम, एकसर जोडल्या तर ८. २ ओहमच्या दोन कॉइल असतील तर अनुक्रमे १ आणि ४. एकसर जोडताना अ‍ॅम्प्लिफायरच्या धनापासून पहिल्या कॉइलच्या धनाला, पहिलीच्या ऋणापासून दुसरीच्या धनाला, आणि दुसरीच्या ऋणापासून परत अ‍ॅम्प्लिफायरच्या ऋणाला, असा प्रवास असतो. ४-४ ओहमचे असे दोन सबवूफर घेतले आणि चारही कॉइल समांतर जोडल्या तर १ ओहम होतो. प्रत्येकातील कॉइल एकसर करून मग दोघांना समांतर जोडले तर ४. २-२ ओहमच्या जोडीत चारही समांतर म्हणजे अर्धा ओहम, जो फार थोडे अ‍ॅम्प्लिफायर सोसतात. एकसर-समांतर मिश्रणाने तेच २ ओहमवर येतात. तेव्हा खरेदीचा क्रम असा असावा: आधी अ‍ॅम्प्लिफायरचा किमान रोध पाहावा, मग त्या आकड्यावर येऊ शकणारे सबवूफर निवडावेत. उलट क्रमाने गेलेल्यांची खरेदी पुष्कळदा परत करावी लागते.

दोन फसव्या गोष्टी आहेत. एकवाहिनी, म्हणजे ‘मोनो’, अ‍ॅम्प्लिफायरवर धन-ऋणाच्या दोन जोड्या दिसतात. त्या आतून एकच असतात. केवळ तारा लावण्याची सोय म्हणून दोन. प्रत्येक जोडीला २ ओहमचा एकेक सबवूफर लावणाऱ्याला आपण २ ओहमवर आहोत असे वाटते, यंत्राला मात्र १ दिसतो. दुसरी गोष्ट ‘ब्रिज’ जोडणीची. दोनवाहिनी अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन्ही वाहिन्या मिळून एक सबवूफर चालविताना प्रत्येक वाहिनीला निम्माच रोध दिसतो. म्हणून एरवी २ ओहम सोसणाऱ्या यंत्राला ब्रिज करताना किमान ४ ओहम लागतात.

अ‍ॅम्प्लिफायरला जोडण्यापूर्वी सबवूफरच्या तारांच्या टोकांवर मल्टिमीटर लावून रोध मोजणे, हा अर्ध्या मिनिटाचा उपाय शेकडो डॉलर वाचवतो. मीटरवर छापील आकड्यापेक्षा थोडे कमी दिसते; ४ ओहमची कॉइल साधारण साडेतीनच्या आसपास भरते, तो दोष नव्हे. शून्याजवळ आकडा आला तर कुठेतरी दोन तारा टेकल्या आहेत. काहीच न दाखवल्यास जोडणी तुटलेली आहे. दोन सबवूफरपैकी एकाचे धन-ऋण उलटे लागले तर काही जळत नाही, पण एक पुढे येताना दुसरा मागे जातो आणि बास जवळजवळ नाहीसा होतो. यावर आवाज वाढवून उपाय शोधणारे पुढे कॉइल जाळतात.

‘गेन’ नावाच्या खुंटीविषयी असाच गैरसमज आहे. ती आवाजाची खुंटी नव्हे. रेडिओच्या संकेताशी अ‍ॅम्प्लिफायरचे माप जुळविण्याची आहे. शेवटपर्यंत फिरविली तर तरंगांचे माथे सपाट कापले जातात, कॉइल गरम होते आणि गाडीत जळक्या लाखेसारखा वास येतो. जुळविण्यासाठी इच्छित वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे: ५०० वॅट आणि २ ओहमसाठी सुमारे ३१.६ व्होल्ट. सबवूफर सोडवून, बास-बूस्ट शून्यावर ठेवून, रेडिओचा आवाज पाऊण करावा. ५० हर्ट्झचा चाचणीस्वर लावून अ‍ॅम्प्लिफायरच्या अग्रांवर एसी व्होल्ट मोजत तो आकडा येईपर्यंत खुंटी हळूहळू फिरवावी. मोठ्या यंत्रांत इथे पन्नासाहून अधिक व्होल्ट असू शकतात, तेव्हा उघड्या अग्रांना बोट लावू नये.

बासच्या ठोक्याबरोबर हेडलाइट मंदावू लागले की दुकानदार कपॅसिटर सुचवितात. एक फॅराडचा कपॅसिटर १४.४ वरून १३.४ व्होल्टवर येताना सुमारे १४ जूल ऊर्जा देतो. १२५० वॅटच्या मागणीला ती सेकंदाच्या शंभराव्या भागापुरती पुरते. क्षणिक ठोका त्याने थोडा सावरतो, अल्टरनेटरची मर्यादा वाढत नाही. सामान्य कौटुंबिक गाडीचा अल्टरनेटर १०० ते १५० अँपिअरचा असतो आणि त्यातील बरीच धारा गाडी स्वतःच वापरते. मंदावणाऱ्या दिव्यांचे कारण पुष्कळदा याहून साधे निघते: ढिली ऋण जोडणी.

वॉरंटीविषयीही दोन्ही टोकांचे समज आढळतात. अमेरिकेतील १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग बसविला एवढ्या कारणावरून वॉरंटी रद्द करता येत नाही. परंतु त्या भागामुळे किंवा त्याच्या जोडणीमुळेच बिघाड झाला असेल, तर तो खर्च उत्पादकावर येत नाही. लीजच्या गाडीत छिद्र पाडण्यापूर्वी करार वाचावा. आवाजाचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत; कॅलिफोर्नियात गाडीतील संगीत ५० फुटांवर ऐकू आले तर दंड होऊ शकतो.

सारे बसवून झाल्यावर पहिल्या दिवशी अर्धा तास संगीत वाजवावे आणि गाडी थांबवून फ्यूजचे घर, लग व तार यांना हात लावून पाहावा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर ती जोडणी ढिली आहे किंवा तार बारीक आहे. दोन आठवड्यांनी बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. रस्त्याच्या हादऱ्यांनी आणि उष्णतेच्या चढउताराने ते थोडे सैल होतात, विशेषतः सीसीए तारेचे, कारण दाबाखाली अ‍ॅल्युमिनियम हळूहळू सरकते. एक जादा फ्यूज, त्याच अँपिअरचा, हातमोज्यांच्या कप्प्यात ठेवून द्यावा; नसला की माणूस मिळेल तो घालतो.